चार गुणांसाठी

प्रश्न पाचवा, उपप्रश्न आ:
युरोपीयांनी नवे सागरी मार्ग का शोधले? कारणे लिहा.
सेहेचाळीस पोरांनी एकच लिहिलंय.
तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतलं, खुष्कीची वाट अडली,
मसाले महागले, होकायंत्र आलं,
धर्म, सोनं, राजाची कीर्ती.
मी लाल पेनानं खुणा करत जातो
शुक्रवार पेठेत, माडीवरच्या खिडकीत,
आणि खालच्या डंकपातून
वैशाखातली चटणी वर येते नाकात.

शिंकतो. पान उलटतो. शिंकतो.

खाली सकाळपासून बायकांची रांग,
डबे, पिशव्या, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे,
संकेश्वरी दोन किलो, ब्याडगी एक, रंगापुरती.
हलीमाबी शिकलगार तोंडाला फडकं बांधून
डंकाखाली हात घालते आणि काढते
नेमका दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत.
चाळीस वर्षं. दहाही बोटं शाबूत.

सत्तेचाळिसावा पेपर तिच्या नातीचा, नाझनीनचा.

‘राजाला काय पायजे होतं ते पुस्तकात आहे.
पण जहाजावर राजा नव्हता.
जहाजावर जे होते त्यांना पगार पायजे होता.
आमचा मामूपण मस्कतला शोध लावायला गेला नाही.
वाट एजंटाला आधीच ठाऊक होती.
ते लोक मिरी न्यायला आले आणि मिरची ठेवून गेले.
दादी म्हणती, त्यांनी नेलं ते कवाच संपलं,
आणलं ते आम्ही अजून कुटतोय.’

पेन थांबलं.
पगार हा शब्दच मुळी त्या खलाशांचा,
हे मी वर्गात सांगितलं नव्हतं.
पगार, चावी, साबण, बिजागरी, घमेलं,
आणि तुरुंग
गोव्याच्या धक्क्यावर उतरले,
घाट चढून आले, आणि परत गेलेच नाहीत.

आम्हाला समुद्राचं काय?
इतक्या जवळ असून आमची पंचगंगा
त्याच्याकडे पाठ करून उगवतीला वाहते.
तरी ब्रह्मपुरीच्या टेकडीत खणताना
निघालाच ना एक परक्या समुद्राचा देव,
वीतभर, कांस्याचा,
टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये.
जुलैत पोरांना दाखवायला नेला होता.
हातात काहीतरी असावं त्याच्या, आता नाही.
‘कुणी आणला असेल रे इथवर?’ मी विचारलं.
पोरं म्हणाली, राजानं. व्यापाऱ्यानं. साधूनं.
नाझनीन काचेला नाक लावून म्हणाली,
‘सर, पगार थकला असंल कुणाचातरी.
गहाण ठेवला असंल. सोडवायला आलाच नाही.’
सगळे हसले. मीही.

आता नमुना उत्तर उघडतो.
मुद्दे आठ, प्रत्येकी अर्धा गुण.
त्यात पगार नाही.
त्यात ज्या आईनं धक्क्यावर उभं राहून
पोराच्या खिशात पावाचा तुकडा कोंबला, ती नाही.
आणि ह्या किनाऱ्यावर, ज्यांना कुणी शोधायला सांगितलं नव्हतं,
तेही नाहीत.
दोन दिले. खोडले. अडीच.

तेवढ्यात लाईट गेली.
डंक थांबले, आणि इतकं शांत झालं
की रांगेतलं एक लेकरू दचकून रडलं.
‘सर,’ खालून हाक, ‘तुमची झाली, डबा न्या.’

उतरलो. पैसे दिले.
हलीमाबीनं चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली,
‘मीठ बघा.’
बघितलं. कान तापले, डोळ्यात पाणी,
मिठाचं सांगायचं राहूनच गेलं.
‘नातीनं काय लिवलंय?’
‘लिहिलंय,’ म्हणालो. एवढंच निघालं.

वर आलो. हात धुवायचे विसरलो,
डोळा चोळला, ओरडलो,
आंधळ्यासारखा टेबल चाचपत राहिलो.
दिसायला लागलं तेव्हा
अडीचच्या शेजारी
माझ्याच अंगठ्याचा ठसा होता, लाल,
पेनापेक्षा गडद.
पुसायला गेलो तर पसरला.